रोही नीट बघायचा होता

माझ्या बायकोला रोही बघायचा होता. शहरात त्याला नीलगाय म्हणतात. आमच्या गावात, कुरुंद्यात, हे कुणाला सांगितलं तर तो हसून बेजार होईल, कारण आमच्याकडं रोही बघायला कुठं जावं लागत नाही. हरभऱ्याला घाटे धरले की तेच कळपानं आम्हाला भेटायला येतात आणि अर्ध्या तासात वावराची वाट लावून जातात.

पण तिचं म्हणणं वेगळं होतं. "पंचवीस वर्सं झाली, मी त्याची नुसती पाठच बघून राहिले," ती म्हणाली. "तोंड कसं असतंय, डोळे कसे असतात, काय माहीत? आपल्याला दिसतो तवा तो पळूनच राहतो."

आता तो पळतो, कारण आम्ही पळवतो. दर हिवाळ्यात वावराच्या एका कोपऱ्यात मी आणि दुसऱ्या कोपऱ्यात ती, घसा बसेपर्यंत ओरडत राहिलो. त्यातनं वेळ काढून तिनं माझ्याकडं काही मागितलं असेल तर ही तिसरी गोष्ट. पहिल्या दोन मी विसरलो, आणि मी विसरलो हे ती विसरली नाही. म्हणून या वेळी मी शब्द दिला.

आमच्या पोरीनं मोबाइलवरूनच सगळं ठरवलं. पैनगंगेच्या काठी जंगल, तिथं धबधबा, राहायला तंबू आणि पहाटे जनावरं दाखवायला गाईड. मी म्हणालो, उघड्यावर झोपायला एवढ्या लांब कशाला, वावर काय वाईट आहे? पोरगी म्हणाली, "बाबा, तुमी फक्त जा." पुतण्याला राखणीला बसवून आम्ही दोन एसट्या बदलत निघालो.

धबधब्याचा पावसाळ्यातला जोर ओसरला होता, तरी काळ्या खडकावरून पाणी चार-पाच धारांनी खाली येत होतं. पाणी दिसलं की मला आधी मोटार कुठं बसवता येईल तेच सुचतं. तसं मी बोललोही. पाण्यात पाय सोडून बसलेली बायको मागं न बघता म्हणाली, "एक दिस तरी शेत घरी ठेवा की." मग मीही पाय सोडले. पाणी गार होतं, आणि खरं सांगायचं तर मजा आली.

तंबूत मला सरळ बसता येईना आणि त्याची चेन काही केल्या लागेना. ती मात्र जाजमावर आडवी होऊन पोरीसारखी हसत होती. झोप चांगली लागली, हे मी पोरीला अजून सांगितलेलं नाही.

पहाटे गाईड आला. जवळच्याच गावचा गडी, बोलणं मोजकं. आमच्याबरोबर शहरातलं एक जोडपं होतं, मोठा कॅमेरा घेतलेलं. गाईडनं बजावलं, "आवाज करायचा न्हाई. खोकला आला तर गिळायचा." पायवाटेनं सागाच्या झाडांतून आम्ही चाललो. पाऊण तासानं तो एकदम खाली बसला आणि त्यानं बोट दाखवलं. समोरच्या मोकळ्या गवतात रोह्याची मादी आणि तिचं पिल्लू. बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. मादीनं चरता चरता मान आमच्याकडं वळवायला सुरुवात केली.

"हाऽऽऽ हुर्रर्र!"

आरोळी कानावर आली तेव्हा मलाही वाटलं, कोण हा येडा? तो मीच होतो. एक हात हवेत होता आणि दुसरा खाली ढेकूळ शोधत होता. वळायला लागलेली मान वळलीच नाही. दोन पाठी झाडीत गेल्या.

"काका," गाईड म्हणाला, "हे तुमचं वावर न्हाई."

जोडप्यानं कॅमेरा खाली घेतला. मला आधी राग आला. रोह्यासमोर गप बसायचं, ही कुठली रीत? तसं मी चहा पिताना ऐकवलंही. मग मी बायकोकडं बघितलं. हातातला चहा निवला होता आणि ती झाडीकडंच बघत होती. मला लाज वाटली. एवढी साधी गोष्ट, तीही आपल्याच तोंडानं घालवली.

आमची गाडी दुपारची होती. मी गाईडला बाजूला घेऊन म्हणालो, आणखी एकदा न्या. तो म्हणाला, "काकूला नेतो. तुमाला न्हाई." मी कबूल झालो. पण तिनं ऐकलं होतं. "त्यायला बी येऊ द्या," ती म्हणाली, "मी बघते त्यायच्याकडं." आणि माझ्या गळ्यातली रुमालाएवढी दस्ती काढून, तिची घडी घालून तिनं माझ्यासमोर धरली. "तोंडात धरा."

मी धरली. पन्नाशीचा माणूस तोंडात दस्ती कोंबून जंगलातनं चालला होता. ते कॅमेरावालं जोडपं तिथं नव्हतं, हे नशीबच.

धबधब्याच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी एका दगडामागं आम्ही बसलो. बराच वेळ काही नाही. मग ती मादी आली, मागून पिल्लू. माझा गळा भरून आला तो आरोळीनं. दात दस्तीत रुतले. बायकोनं माझे दोन्ही हात धरून ठेवले होते, माया म्हणून नव्हे, बंदोबस्त म्हणून. मादी पाणी प्याली आणि तिनं तोंड वर केलं. लांबट तोंड, गालावर पांढरे ठिपके, ओलं नाक, आणि मोठे काळे डोळे. कसला राग नाही त्यांत. पिल्लू कासेला ढुसण्या देत होतं.

"बाई, किती गरीब हाय ही," बायको पुटपुटली. "अन् आपण हिला..." तिचे डोळे भरले होते. दस्तीमुळं मला बोलताही येत नव्हतं.

घरी आलो, तर तिसऱ्या दिवशी सकाळीच हरभऱ्यात रोही. मी ढेकूळ उचललं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

मी थांबलो. रोह्यानं मान वर केली, तोंडात आमचाच हरभरा. तो आमच्याकडं बघत राहिला आणि ती त्याच्याकडं. तिचं नीट बघून झालं. मग पदर खोचून तिनंच आरोळी ठोकली.