न्यायला जायची गाडी

काशिराम म्हात्रेचा एक हट्ट होता. जुन्या फियाटच्या रेडिएटरमध्ये पाणी घालायचं ते घरच्या विहिरीचंच. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरं राखलेल्या घराची ती विहीर. घोटभर पाणी तोंडात घेतलं तरी चेहरा वाकडा व्हावा. बायको सखूबाई वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होती, नळाचं घाला म्हणून. "आमच्या पिढ्या या पान्यानं न्हाल्या, गाडीला काय धाड भरली?" असं म्हणून हा गृहस्थ बादली ओतून मोकळा.

धाड भरली ती सखूबाईला खारघरला सोडून परतताना. सुनेला नोकरी लागली, नातू प्रणितला सांभाळायला कोणी नाही, म्हणून काशिरामनेच तिला लेकाच्या फ्लॅटवर पोचवलं. बेलपाड्यापाशी बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. इंजिनच्या हेडखालची गॅस्केट गेली होती, पाणी शिरून ऑइलचा पार दुधाळ चहा झाला होता. गाडी ओढून घरी आणावी लागली.

"गाडी झाली की न्यायला या," फोनवर सखूबाई म्हणाली. पोचवलेल्या बाईला घरच्यानं न्यायला जायचं, ती आपली आपण परतत नाही, ही त्यांच्यातली रीत. काशिरामनं तिचं बोलणं गाठीशी बांधलं.

जन्मभर न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवलेला माणूस. गॅरेजवाल्याला हात लावू देईना. पण चिकटलेलं हेड सोडवायला दुसरा हात हवा. आळीतली निम्मी घरं जमिनी विकून टॉवरात गेलेली, उरलेल्यांना कुलपं. जोर लावता लावता तो सवयीनं म्हणून गेला, "तिकडून जरा धर गं." मग स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळला आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिला. घर त्याला खायला उठलं होतं, उगाच कशाला लपवा.

शेवटी कसंबसं एकट्यानंच सोडवलेलं हेड पनवेलच्या लेथवाल्या जीवननं उलटं करून दाखवलं. खालची बाजू जागोजागी खड्डे पडून कुरतडलेली. "काका, खाऱ्या पाण्यानं खाल्लंय हे."

एरवी काशिराम भांडला असता. आज मात्र त्याला बरंच वाटलं. आपण हरलो हे सखूबाईला सांगायची घाई झाली होती. ती आता मनसोक्त तोंडसुख घेणार, या कल्पनेनं तो रस्ताभर हसत आला.

घासून सपाट केलेलं हेड, नवी गॅस्केट. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरलं. चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं. धूर नाही, वाफ नाही. हातसुद्धा न पुसता त्यानं फोन लावला.

"गाडी झाली. तू म्हनत व्हतीस तेच खरं, विहिरीच्या पान्यानंच खाल्लं."

"जाऊ द्या आता," सखूबाई म्हणाली.

एवढंच? त्याला कसंसंच झालं. "उद्या येतो न्यायला."

"उद्या? अवो, प्रणित माझ्याबिगर जेवत नाय. आनी मला पन हिकडं बरं वाटतं. खाली बायका बसतात, दोन शब्द व्हतात. तिकडं हाय कोन?"

"मी हाय."

पलीकडं तिनं प्रणितला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं.

"मग तुमीच येत जा की रविवारचे," ती म्हणाली, पाहुण्याला म्हणतात तसं. "जेवूनच जा."

काशिराम बरं म्हणाला आणि त्यानं गाडी बंद केली.