टोल्ट आणि चहाचा कप

घोड्याची चाल पारखायला अख्खं आयुष्य घालवावं लागतं, असं आयर्लंडमधल्या मेनूथजवळच्या आमच्या तबेल्याच्या मालकीणबाई सांगतात. त्या फार गंभीर चेहऱ्याने सांगतात, म्हणून मीही मानत आलो. आइसलँडिक घोड्याची खास चाल म्हणजे टोल्ट. तिच्यात चारही पाय एकेक करून सारख्या अंतराने पडतात आणि स्वाराला हिसका बसत नाही. दुडक्या चालीत ते जोडीने पडतात आणि स्वार उसळतो. लांबून मला दोन्ही सारख्याच दिसतात.

त्या शनिवारी माझ्या मुलीची परीक्षा होती. टोल्ट जमली, तरच तिला गॉलवेच्या प्रदर्शनात उतरता येणार होतं. हातात भरलेला चहाचा कप धरून मैदानाला एक फेरी मारायची, चहा सांडता कामा नये. कप भरायचं काम पालक म्हणून माझ्याकडे आलं.

मालकीणबाईंनी डोळे मिटून टापा ऐकल्या, मग कपाखालची बशी तपासली. बशी कोरडी होती.

"शेवटच्या वळणावर मला जरा शंका आली होती," त्या म्हणाल्या, "पण कप खोटं बोलत नाही. टोल्ट."

गाडीत बसल्यावर मुलगी एरवीचं इंग्रजी सोडून मराठीत म्हणाली, "बाबा, कप नीट भरला होतास ना?"

"भरला होता की."

आमच्या घरी पाहुण्याचा कप दोन बोटं जागा सोडून भरतात.