हातात राहिलेलं निशाण

“पाटणकर, अंदाज नको. पाणी मैदानाच्या रेषेला कधी लागेल ते मिनिटांत सांगा,” साहेब म्हणाले.

आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत उभे होतो. पाच वाजत आले होते. मॅच चारची होती, पण मुंबईची बोट रेवसला उशिरा लागली आणि दोन्ही टीम आत्ता कुठे मोटारीतून उतरत होत्या.

मी तेव्हा बंदर कचेरीत कारकून होतो. गलबतांना भरती-ओहोटीच्या वेळा सांगणं हे माझं रोजचं काम. हिशेब सोपा असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. त्या दिवशी फाल्गुन वद्य चतुर्दशी होती. म्हणजे भरती साडेदहाला आणि पूर्ण ओहोटी पावणेपाचच्या सुमारास. आमच्या कचेरीच्या साहेबांना फुटबॉलचं वेड. गावात सपाट मैदान नव्हतं, म्हणून ओहोटीत उघडी पडणारी घट्ट वाळू मीच त्यांना सुचवली होती.

टीम साध्यासुध्या नव्हत्या. एक त्या वर्षीची लीग जिंकलेली, गोऱ्या पलटणीची. लीगमध्ये सगळे सगळ्यांशी खेळतात आणि हंगामभर जो टिकतो तो जिंकतो. दुसरी कप जिंकलेली, आपल्या लोकांची. कपात एकदा हरलं की घरी. गोऱ्यांच्या पायात बूट होते. आपले अकराही जण अनवाणी.

“पावणेसातपर्यंत पाणी येत नाही, साहेब,” मी म्हणालो.

गोलाचे बांबू धर्मा नाखव्याने रोवले होते. तो माझ्या कानाशी आला. “भाऊसाहेब, वारा बगा कुठला लागलाय. पानी आज येलेआदी येनार हाय.”

वारा वायव्येचा होता, खरंच जोरात. मी साहेबांना तसं सांगितलं. गोल उपटून वर न्यावेत तर तिथली वाळू भुसभुशीत, पाय रुतणारी. शेवटी दोन्ही कॅप्टन आणि रेफ्री यांच्यासमोर ठरलं, की पाणी समुद्राकडच्या रेषेला लागलं की मी लाल निशाण वर करायचं. तिथे मॅच संपली. जो स्कोअर असेल तो खरा.

पहिल्या अर्ध्या खेळात पलटणीने गोल केला. काय ताकद होती त्यांच्यात! बॉल बुटाला लागला की बंदुकीसारखा आवाज यायचा. बॉल बांबूंना बांधलेल्या दोरीखालून गेला तरी आपला गोलकीपर जागचा हलला नव्हता. कोळीवाड्यातली माणसं, आसपासचे शेतकरी, कोर्टातले वकील, सगळे वाळूत बसून डोळे विस्फारून बघत होते.

साडेसहाला धर्मा म्हणाला, “आलं.”

पाण्याची पातळ लाट रेषेवर पसरली आणि मागे गेली नाही. खेळाची जेमतेम दहा मिनिटं उरली होती. मी निशाण घट्ट धरलं. तेवढ्यात आपल्या टीमच्या उजव्या बाजूच्या गड्याकडे बॉल आला. किडकिडीत, सावळा, अंगातला शर्ट दोन माप मोठा. समोरच्या गोऱ्याने पाण्यातल्या बॉलला आधी लाथ घातली, पण बॉल तिथेच राहिला, नुसतं पाणी फसकन उडालं. या गड्याने मात्र तो अंगठ्यावर अलगद उचलला आणि पुन्हा पाण्यात पडूच दिला नाही. पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पायावर, असा उचलत तो रेषेला धरून धावत सुटला. दोन गोरे चुकवले. लोक ओरडायचे थांबले. नुसता त्याच्या पावलांचा चुबुक-चुबुक आवाज येत होता. त्याने बॉल मध्ये टाकला, एकाने डोकं लावलं, गोल!

तेव्हा कुठे मला माझा हात दिसला. निशाण खालीच होतं.

मी ते वर केलं. शिट्टी झाली. साहेब चालत माझ्याकडे आले, मागोमाग दोन्ही कॅप्टन.

“पाणी केव्हा लागलं?”

“गोलाच्या आधी, साहेब.”

“मग निशाण?”

लाट मागे जाईल असं वाटलं म्हणालो असतो तर ते खोटं धर्माशिवाय कोणाला कळलं नसतं. “मी खेळ बघत राहिलो, साहेब. चूक माझी आहे.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. आपला कॅप्टन मान खाली घालून म्हणाला, “मग गोल धरू नका. ठरलंय तसं होऊ द्या.”

पलटणीचा कॅप्टन घोट्यापर्यंत भिजला होता. साहेबांनी त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं. तो काय बोलला ते मग साहेबांनीच आम्हाला मराठीत सांगितलं. “तो म्हणतो, मी तर पाण्यातच उभा होतो. मीही रेफ्रीला हाक मारली नाही. तो खेळ थांबवावा असं मला वाटलंच नाही. गोल धरा.”

एक-एक बरोबरी झाली. दोन्ही टीम ओल्या पायांनी मोटारीत बसल्या. तो किडकिडीत गडी दारापाशी खाली बसून बोटांमधली वाळू काढत होता. मला त्याच्याशी बोलायचं होतं, पण धीर झाला नाही.

सोमवारी साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. मी घडलं तेच लिहिलं. त्यांनी खाली शेरा मारला, “खरे आहे. मीही पाण्याकडे पाहिले नाही.”

पुढे तीस वर्षं नोकरी केली. त्यातून एवढंच शिकलो, की निशाण द्यायचं काम ज्याच्याकडे असेल त्याला खेळाकडे पाठ करून उभं करावं.