गोलातली फुली

किसन गेल्याचं मला चिंचवड स्टेशनवर, तिकिटाच्या रांगेत कळलं. त्याच्या आळीतला दूधवाला पुढे उभा होता. मागे वळून म्हणाला, "तुमचा किसन गेला की राव. पाच दिस झालं." मी "बरं" म्हणालो, पुण्याचं तिकीट काढलं आणि गाडीत बसलोसुद्धा. दापोडीला भानावर आलो आणि उतरलो... "बरं" काय म्हणालो मी, मला अजून कळत नाही. त्याच्याविषयी चार गोड शब्द लिहून मोकळं व्हावं, असा विचार होता. पण त्यानं एका म्हातारीचं मरण सात वर्षं एकट्यानं डोक्यावर वाहिलं, आणि ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. तेवढं सांगितल्याशिवाय माझा हात पुढे चालत नाही.

आम्ही दोघं लष्करी डेपोत होतो. मी भांडारात कारकून, तो खोक्यांवर छाप मारणारा. पत्र्यात खूण कोरायची, पत्रा खोक्यावर धरायचा आणि वरून रंगाचा ब्रश टेकवायचा. "वढायचा न्हाई भाऊ. वढला की रंग पत्र्याखाली शिरतो," हे त्यानं मला पन्नासदा तरी ऐकवलं असेल. खराब मालावर तो गोलातली फुली मारायचा. तो माल कंडम. हमाल तो डेपोमागच्या खड्ड्यात नेत, रॉकेल ओतत आणि काडी लावत. त्यांना वेगळं सांगावं लागत नसे, फुली दिसली की हात चालू. किसन मात्र कधी खड्ड्याकडे फिरकला नव्हता. कंडम म्हणजे इथून हलवायचा माल, एवढंच त्याला माहीत.

लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, काम आटलं आणि कपात आली. किसन घरी बसला, मी वाचलो. शेवटच्या दिवशी जो तो काहीबाही उचलत होता, यानं फुलीचा पत्रा उचलला. स्वतः कोरलेला ना. पुढे सहा महिने त्याच्या घरी रेशनची तांबडी ज्वारी शिजत होती आणि पोरं तिला तोंड लावत नव्हती. त्याच दिवसांत मारुतीच्या पारावर पुण्याहून एक वक्ता येऊ लागला. "तुमच्या तोंडचा घास कुणी पळवला?" असं विचारायचा आणि पिंपरीच्या निर्वासितांच्या बराकींकडे हात करायचा. फाळणीत सगळं सोडून आलेली माणसं ती, शिवणटिपण करून, पापड विकून जगणारी. डेपोत त्यांच्यातला एकही नव्हता. मला ठाऊक होतं, हजेरीपट माझ्याच हातात असायचा. तरी मी पाराच्या कडेला बसून टाळ्या वाजवल्या... हो, वाजवल्या.

मग त्या मंडळींनी किसनला गाठलं. ज्यांना हुसकावायचं त्यांच्या दारावर खूण कर, घाबरतील आणि जातील, असं सांगितलं. हे मला सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. "सहा म्हैन्यांत पैल्यांदा कुणी मला काम दिलंय, भाऊ." खूण कोणती, हा प्रश्नच नव्हता. पत्रा एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बराकीतली माणसं रेशनच्या रांगेत असताना त्यानं दारं उरकली.

भर दुपारी मी तिकडून चाललो होतो. परसराम शिंपी दारात उभा होता, माझे सदरे शिवायचा तो. आत त्याची आंधळी आई. दारावर काळीकुळकुळीत फुली, कुठे एक ओघळ नाही. "बाबूजी, ये क्या निशान है?" त्यानं विचारलं. मला डेपोमागचा खड्डा आठवला. तोंडातून निघालं, "सरकारी नंबर होगा." उगाच आपण कशाला मध्ये पडायचं, असं वाटलं. तो हसला, मला पाणी विचारलं आणि दार ओढून दोरा आणायला बाजारात गेला. तासाभरात डेपोतून काढलेले हमाल पाराकडून आले. जाळा असा हुकूम कुणीच दिला नव्हता, असं कोर्टात निघालं, आणि ते खरं होतं. त्यांनी फुली पाहिली. आत कुणी आहे का, ते पाहिलं नाही. कंडम खोक्यात कोण डोकावतं?

किसनला शिक्षा झाली, वक्ता निवडणुकीला उभा राहिला. सुटून आल्यावर किसननं पुन्हा ब्रश धरला नाही. रेशनच्या दुकानाशी बसून राहायचा. कुणी पाटी, नोटीस, पोस्टकार्ड पुढे केलं की वाचून दाखवायचा आणि वर अर्थही सांगायचा. लोक वैतागायचे. "कळलं रे बाबा." हा आपला, "न्हाई, नीट कळू दे." मी ते लांबून पाहायचो आणि रस्ता बदलायचो.

शेवटचा भेटलो तेव्हा खोकल्यानं त्याचा सापळा झाला होता. म्हणाला, "भाऊ, त्या खुणंचा अर्थ शिंप्याला कुणी सांगितला आसता, तर म्हातारी वाचली आसती ना?" मी त्याला पंख्यानं वारा घालत होतो. "झोप आता," म्हणालो.

दहाव्याला घाटावरून त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा पुढे ठेवला. "तुमचं नाव लई घ्यायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, त्या दुपारी भाऊ तिकडनं गेले आसते, तर त्यांनी शिंप्याला सांगितलंच आसतं."

मी "हो" म्हणालो.