रोमच्या बादशहाला चिंच लावली

लेक वर्षा चार वर्षं "ये, ये" करत होती, मी हलले नाही. मग नात ईरा फोनवर म्हणाली, "आजी, माझ्याकडे रोमन कॉइन आहे. तांब्याचं." माझं सासर तांबटांचं. निघाले.

दुबईत अल बर्शाला लेकीचा फ्लॅट. जाणाऱ्या आज्यांनो, शाल न्या. बाहेर भट्टी, आत दात वाजतात. मेट्रोत बायकांचा डबा वेगळा आहे, पण घोटभर पाणी प्यायलात तरी दंड.

दुसऱ्या दिवशी सगळे ऑफिस-शाळेत. नाणं टेबलावर, हिरवंगार. असं भांडं मी ठेवलं असतं तर सासूने मलाच घासलं असतं. चिंच घेतली, मीठ घेतलं. लख्ख!

ईरा आली आणि रडायलाच लागली. "आजी, दॅट ग्रीन वॉज द ओल्ड पार्ट!"

दुबईबाहेर खलिफा सिटीत राहणारे, जुनी नाणी जमवणारे कुलकर्णीकाका मुलांच्या नाण्यांचं प्रदर्शन मांडणार होते. ईराचं नाणं त्यात जायचं होतं. आता ते घेतील का, एवढाच घरात विषय. मी तिला सॉरी म्हटलं. आयुष्यात दुसऱ्यांदा.

शनिवारी जावई मंदारने गाडी काढली. रस्ता सव्वा तासाचा, खड्डा औषधालाही नाही. वाटेत करक, आपलाच कडक दुधाचा चहा, दोन दिरहम.

"म्हणजे पन्नास रुपये!"

"आई, हिशेब करत बसलात तर तहानेने मराल."

काकांनी भिंग लावलं आणि सुस्कारा सोडला. "खलास. हिरवा थर गेला, किंमत गेली." मग ईराला समजावलं: सोनं-चांदी बादशहाने बहुतेक आपल्या मुठीत ठेवलं; तांब्याची चिल्लर लांबच्या प्रांतांतली शहरं स्वतः पाडत. तोंड बादशहाचं, हात गावच्या कारागिराचा.

मी भिंग मागून घेतलं. "याला दोन नाकं कशी हो?"

"कुठे?"

"हे काय. घाव दोनदा पडलाय. पहिल्याला चकती सरकली, म्हणून पुन्हा ठोकली. आमचे सासरे अशा वेळी एक शिवी द्यायचे आणि पुढचा घाव घालायचे."

काकांनी दोनदा पाहिलं. "थराखाली हे दिसलंच नसतं. ठेवू या. पण चिठ्ठीवर खरं काय ते लिहायचं."

चिठ्ठी ईराने लिहिली. मंदारने वाचून दाखवली: 'टू नोजेस. फाउंड बाय माय आजी. शी ऑल्सो क्लीन्ड इट. प्लीज डोन्ट.'

परतीच्या वाटेवर ती माझ्या खांद्यावर झोपली. हात अवघडला, पण हलवला नाही.

इकडे माझ्या घरी येऊन आठवडा झाला. सासऱ्यांनी घडवलेला तांब्या काळा पडला होता. चिंचेने घासला; त्यातून पाणी प्यायचं असतं, प्रदर्शनात ठेवायचा नाही. फक्त बुडाशी त्यांचा एक घाव चुकलाय, तेवढी जागा सोडली.