बाबा बहरीनमध्ये काय जेवायचे?

मी आखाती देशांच्या क्रूझची माहिती काढत होते तेव्हा आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. दुबईहून निघायचं, सात रात्री जहाजावर, वाटेत तीन-चार बंदरं. मी बंदरांची नावं वाचून दाखवली. बहरीन ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"तिथे किती वेळ थांबतं जहाज?"

"सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच."

"पुरे तेवढा," ती म्हणाली आणि परत शेंगा सोलू लागली. आमच्या सहलीचा निर्णय असा झाला.

माझे बाबा बहरीनमध्ये अकरा वर्षं होते. मी पाच वर्षांची असताना गेले, सोळाची झाले तेव्हा कायमचे परतले. आई रेवदंड्याला घर सांभाळत राहिली, तिकडे कधीच गेली नाही. बाबांच्या प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली असे: 'जेवणाची चंगळ आहे, काळजी करू नये.' आईने ती ओळ एकदाही खरी मानली नाही. पत्रात सगळेच तसं लिहितात, असं तिचं म्हणणं. त्यातच आमच्या आळीतला एकजण आखातातून सुट्टीवर आला आणि पारावर बसून सांगून गेला, "आपली माणसं तिकडे पाव-केळ्यावर दिवस काढतात." त्या आठवड्यात आईने मासे सोडले. समुद्रापासून पाच मिनिटांवर राहणाऱ्या, पापलेटवर जीव असलेल्या बाईने! विचारलं की सांगायची, पित्त होतं. बाबांनाही तेच सांगितलं. ते परतल्यावरही तिने परत तोंडाला लावले नाहीत. खरं कारण मला कळलं ते बाबा गेल्यावर, चार वर्षांपूर्वी. "ते तिथे पाव खाणार आणि मी इथे तळलेली तुकडी खाऊ?" एवढंच म्हणाली होती.

त्यामुळे मी माझ्या ब्लॉगसाठी 'बंदरातला एक दिवस, फक्त खाण्यासाठी' असा बेत आखत होते खरा, पण आईला तिथे खायचं नव्हतं. विचारायचं होतं. तेव्हा बाबांच्याच खोलीत राहणारे हमीदचाचा अजून बहरीनमध्येच आहेत. मूळचे म्हसळ्याचे. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. मी त्यांना कळवलं, तर म्हणाले, "दुपारचं जेवण आमच्याकडे. खलास. दुसरं काय ठरवू नको."

*

जहाज हिद्दच्या बंदराला लागतं. मुहर्रकचा जुना बाजार तिथून टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. जहाजापासून बंदराच्या दारापर्यंत फुकट बस मिळते, पुढे टॅक्सीवाले उभेच असतात. पहिल्याने दहा दिनार सांगितले, दुसरा सहावर तयार झाला. एक दिनार म्हणजे दोनशेहून जास्त रुपये, हे लक्षात ठेवूनच बोला. मीटर लावायला सांगितलं तर याहूनही कमीत जाता येतं, असं नंतर कळलं. व्हिसाचं मात्र बुकिंगच्या वेळीच क्रूझवाल्यांना विचारून घ्या. सोबत एखादी शाल असू द्या. जानेवारीतही ऊन बोचतं, पण समुद्रावरचा वारा गार असतो.

शनिवार होता, तिकडे सुट्टीचा दिवस. बाजाराच्या एका गल्लीत, निळ्या दारांच्या छोट्या उपाहारगृहात आम्ही न्याहारीला बसलो. तिथली प्रसिद्ध न्याहारी म्हणजे बलालीत. साखर, वेलची, केशर घातलेल्या शेवया आणि त्यावर अंथरलेलं ऑम्लेट. ताट समोर आल्यावर आई त्याच्याकडे बघतच राहिली.

"शिऱ्यावर पोळा ठेवलाय की गं यांनी."

"खाऊन तर बघ."

तिने आधी ऑम्लेट बाजूला केलं, शेवया खाल्ल्या. मग ऑम्लेट खाल्लं. मग कोणी बघत नाही असं पाहून दोन्ही एकत्र खाल्लं. "वाईट नाही," म्हणाली. आईच्या तोंडून हे मोठं प्रशस्तिपत्रक. सोबत तंदूरमधली गरम रोटी, चण्यांची उसळ आणि दाट करक चहा. दोघींचं मिळून साडेतीन दिनार झाले. एवढ्यात तिघं जेवतील, तेव्हा एकच ताट मागवा.

शेजारच्या टेबलावर दोन बहरीनी आजीबाई होत्या. त्यातल्या एकीने खुणेने विचारलं, ही तुझी आई का? मी मान हलवली. तिने आपल्या बशीतला एक खजूर उचलून आईच्या बशीत ठेवला. मग परत मैत्रिणीशी गप्पा मारू लागली. आईने तो खजूर अर्धा मला दिला.

न्याहारीनंतर हलव्याच्या दुकानात गेलो. बहरीनी हलवा विकत घ्यायचा असेल तर मुहर्रकमध्येच घ्या. केशर, गुलाबपाणी, बदाम, आणि चमच्याला धरून लोंबेल इतका चिवट. दुकानदार गरम हलवा चाखायला देतो, नको म्हटलं तर रागावतो. आई एरवी रस्त्यावर उभं राहून खात नाही, पण तिथे तीन प्रकार चाखले. मला वाटलं, चला, दिवस मार्गी लागला. पण दुकानातून बाहेर पडल्यावर तिने हळूच विचारलं, "हमीदभाई खरं सांगतील ना? की मला वाईट वाटेल म्हणून गोड गोडच बोलतील?"



*

हमीदचाचा अकरा वाजता गाडी घेऊन आले. साठीचे, पांढरी दाढी, पायात चपला, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. मनामाच्या बाजारात त्यांचं शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे. आईला बघून डोळे भरले त्यांचे, पण आवाज खणखणीत.

"काय वैनी! दत्ताभाऊ असते तर केवढी मजा! चला, आधी मासळीबाजार. यल्ला!"

"मी मासे खात नाही हो हमीदभाई," आई म्हणाली.

"आँ? रेवदंड्याची बाई नि मासे खात नाय?" ते माझ्याकडे वळले. "बरं, बघायला तर या."

मासळीबाजार आमच्या ओळखीचा निघाला. बर्फ, ओले पाय, ओरडा, सगळं तेच. नावं वेगळी. हामूर, साफी, आपल्या पापलेटला झुबैदी. सकाळी लवकर गेलात तर माल उत्तम मिळतो, आम्ही पोचेपर्यंत गर्दी ओसरली होती. चाचांनी एक पापलेट उचललं, तशी इतका वेळ चार पावलं मागे उभी असलेली आई पुढे आली.

"ते नको. कल्ला उघडून बघा. काळा पडलाय."

"तुम्ही खात नाय ना?"

"खात नाही, आंधळी झाले नाही."

मग तिनेच निवडली. कोळणीसमोर बसावं तशी उकिडवी बसून, एकेकाचा डोळा पाहून, दाबून. विक्रेता बंगाली होता, आई मराठीत घासाघीस करत होती आणि व्यवहार सुरळीत चालला होता. चाचा नुसते पिशवी धरून उभे.

*

त्यांचं घर बुसैतीनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. रुखसानाचाचीने दार उघडल्याबरोबर भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला आणि क्षणभर मला कळेना, आपण देशाबाहेर आहोत की नाही. त्यांची सहा वर्षांची नात आलिया आईला वाकून बघत होती. "आजींना सलाम कर," चाची म्हणाली, तर ती म्हणाली, "I already did, दादी, in my mind."

पानं वाढली. तांदळाच्या रोट्या, पापलेटची आमटी, तळलेली साफी, आणि आईसाठी वेगळी वांग्याची भाजी. आईने रोटीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"हमीदभाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा की."

"हे इथे काय खायचे? पाव आणि केळी ना?"

चाचांचा हात आमटीवरच थांबला.

"खोटं नाय बोलणार वैनी. पहिले तीन महिने हाल होते. खोलीत चूल लावायची परवानगी नव्हती. तेव्हा पाव, केळं, कधी डबाबंद मासे."

"तीन महिने?"

"फार तर चार. मग खोली बदलली, किचन मिळालं. तिथनं पुढं... अहो, आम्ही सहा माणसं, पाळ्या लावलेल्या. शुक्रवारची पाळी दत्ताभाऊंची. शुक्रवारी दुसऱ्या खोलीतली पोरंपण ताट घेऊन यायची आमच्याकडे. तुम्ही आमसुलं पाठवायचात ना? ती सगळी त्याच्या आमटीत. ही आमटी त्याचीच. मी रुखसानाला शिकवली, मला त्याने शिकवली."

"पत्रात लिहायचे ते..."

"चंगळ होती वैनी. दर हिवाळ्यात मी त्याच्या पँटी कमरेत उसवून सैल करून द्यायचो."

"मग घरी यायचे ते एवढे वाळलेले का?"

"रजा कधी मिळायची? ऑगस्टमध्ये. ऑगस्टात इथे उंटपण वाळतो."

चाची हसली. मीही हसले. आई हसली नाही. ती समोरच्या आमटीकडे बघत होती. मला वाटलं आता रडेल. पस्तीस वर्षं, कदाचित त्याहून जास्त, ती एका चुकीच्या गोष्टीला धरून बसली होती, आणि ते कळण्याची किंमत तिला काय पडेल याचा मी विचारच केला नव्हता. मग तिने मान वर केली.

"थांबा. ते स्वयंपाक करायचे?"

"एक नंबर."

"कांदा चिरायचे? वाटण वाटायचे?"

"पाट्यावर, वैनी. मिक्सर होता कुठे?"

"घरी परत आल्यावर पंचवीस वर्षं," आई माझ्याकडे वळली, आवाज चढलेला, "पंचवीस वर्षं हा माणूस मला म्हणत होता, 'चहात आधी साखर घालतात की पावडर, मला काय कळतंय!' मला ताप असला तरी शेजारणीकडून डबा!"

चाचा आता घाबरले. "म्हणायचा, तिच्या हातचं खायला मिळतंय तर मी कशाला..."

"तुम्ही नका त्यांची बाजू घेऊ." तिने वांग्याची वाटी बाजूला सारली. "रुखसाना, मला आमटी वाढ. तुकडी मधली दे."

चाचीने वाढली. आईने घास घेतला. आम्ही तिघं आणि आलियासुद्धा तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने काटा काढून कडेला ठेवला, अगदी हात न अडखळता.

"मीठ कमी आहे. त्यांच्या हातचं असंच असायचं?"

"नाय हो वैनी," चाची म्हणाली, "ते माझं. यांना बीपी आहे ना."

आईने दोन तुकड्या खाल्ल्या. मग आमटी प्यायली, वाटी उचलून. मी मात्र नीट जेवू शकले नाही. या ब्लॉगवर पदार्थाची चव सांगायची माझी पद्धत आहे, पण त्या आमटीची चव मला सांगता येणार नाही. आंबट होती, एवढं आठवतं.

साडेचारला चाचांनी आम्हाला बंदरावर सोडलं. तुम्हाला असं कोणाचं घर नसेल तर दुपारी एखाद्या बहरीनी खानावळीत मुहम्मर मागवा. खजुराच्या पाकातला गोडसर भात आणि वर तळलेली साफी, दोन-तीन दिनारात पोट भरतं. वेळेचं भान ठेवा, जहाज थांबत नाही.

*

ठाण्याला माझ्या घरी परतून आता तीन आठवडे झाले. मी निघताना मनात म्हणत होते, आईला शांतता मिळू दे. तसं काही झालेलं नाही. ती दिवसातून दोनदा बाबांशी भांडते. भाजी निवडताना, दूध तापवताना, "पाट्यावर वाटायचे म्हणे" असं स्वतःशीच पुटपुटते. चार वर्षं ती त्यांच्याबद्दल बोलायची ते खाली बघून, अपराधी असल्यासारखी. आता मान वर करून बोलते, कधी कधी अर्धं वाक्य हसून सोडून देते. मला हे आवडतंय. शांततेपेक्षाही बरं वाटतंय, खरं तर.

गेल्या रविवारी ती स्वतः बाजारात जाऊन पापलेट घेऊन आली. माझा नवरा, संदीप, पेपर वाचत बसला होता. आईने त्याच्यासमोर विळी आणून ठेवली, वर दोन कांदे.

"संदीपराव, कांदा चिरता येतो ना? आत्ता खरं सांगा. नंतर कळलं तर बघा."

संदीपने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. लग्नाआधी सहा वर्षं तो पुण्यात एकटा राहत होता, आणि हे आईला ठाऊक आहे.

"येतो," तो म्हणाला, आणि पेपरची घडी घातली.