झोप एकदम उत्तम

लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी माहेरी गेले की फक्त झोपायचे. माहेर वसईतल्या गासचं, सासर निर्मळचं, अंतर काही फार नव्हतं; पण आईला वाटायचं, पोरीला सासरी कामाचा जाच असणार. ती माझ्याकडे काळजीने बघायची आणि जेवायला उठवायची. कामाचा जाच मुळीच नव्हता. आमचे हे घोरायचे.

हे मी सांगितलं की लोक हसायचे. आजही हसतात. नवऱ्याचं घोरणं ही बायकांनी एकमेकींत मिटवायची गोष्ट, असा सगळ्यांचा समज. शिवाय आमच्या निर्मळच्या घरात घोरण्याला मान होता. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, “बापावर गेलाय. तेही असेच घोरायचे. वाडीत राबणाऱ्या माणसाला अशीच झोप लागते, बाय.” सासरे मी यायच्या आधीच वारले होते. एके सकाळी उठलेच नाहीत. “झोपेत गेले. कुणाला तरास नाय, काय नाय. पुण्यवान माणूस,” हे वाक्य त्या घरात मी इतक्या वेळा ऐकलंय की भिंतींनाही पाठ झालं असेल.

घोरणं मी सोसलं असतं. कानात कापूस घालून बायका काय काय सोसतात. माझं दुखणं वेगळंच होतं. त्यांचं घोरणं मध्येच बंद पडायचं. पोट हलायचं, छाती हलायची, पण नाकातोंडातून वारा म्हणून नाही. मी उठून बसायचे, त्यांच्या नाकापुढे हात धरायचे. आता हलवू का, हाक मारू का, असं होईपर्यंत एकदम गुदमरल्यासारखा मोठा आवाज व्हायचा, सबंध अंग हिसडा खायचं आणि घोरणं पहिल्यापासून सुरू. थोड्या वेळाने पुन्हा तेच. घोरणं चालू असलं की मला धीर असायचा. ते थांबलं की माझा डोळ्याला डोळा लागत नसे. सकाळी मी शाळेत फळ्यापुढे उभी राहून जांभया द्यायचे आणि मुलांना सरळ बसा म्हणून ओरडायचे.

एकदा त्यांना सरळच सांगितलं, “झोपेत तुमचा श्वास थांबतो.”

“मग मी जिवंत कसा?” ते म्हणाले आणि मिश्री लावायला निघून गेले.

हा माणूस रात्रभर झोपूनही सकाळी डोकं धरून उठायचा. केळीला पाणी सोडायला जायचा तो पंपाशेजारी बसल्या बसल्या झोपायचा. पाणी आमची आळी भरून शेजाऱ्याच्या वांग्यांत शिरायचं आणि शेजारीण आमच्या दारात येऊन तोंड सोडायची, ते मला ऐकावं लागायचं. न्हाव्यापुढे मान खाली घातली की ती वर यायचीच नाही. रविवारी मिस्सेला प्रवचन सुरू झालं की पहिल्या दोन वाक्यांत यांची हनुवटी छातीवर. मी कोपर मारायचे. फादर समजूतदार होते, बघून न बघितल्यासारखं करायचे. पण मागच्या बाकावरच्या बायका बघितल्यावर बघितल्यासारखंच करायच्या.

मग एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, हे सायकलसकट बावखलात गेले. बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीच्या कडेला असतं ते गोड्या पाण्याचं डबकं. रस्ता सरळ, समोरून कुणी येत नाही, आणि हे सरळ रस्ता सोडून पाण्यात. दोघांनी ओढून बाहेर काढलं. गावाचा निकाल तिथल्या तिथे लागला: माडी जास्त झाली. त्या दिवशी यांनी थेंब घेतला नव्हता. मी शपथेवर सांगत होते, आणि लोक माझ्याकडे दयेने बघत होते, की बिचारी नवऱ्याला सांभाळून घेते. पिऊन पडले असते तर परवडलं असतं असं मला वाटलं. निदान कारण तरी सगळ्यांना पटलं असतं.

त्या पडण्याने गुडघा सोलवटला म्हणून आम्ही माणिकपूरला डॉक्टरांकडे गेलो. इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पुरुष माणसाला डॉक्टरकडे न्यायचं तर घरातला थोरला पुरुष त्याच्याबरोबर आत जाणार आणि बोलणार. बायको बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसणार. त्याप्रमाणे मोठे दीर आत गेले. ते अंगणापलीकडच्या घरात राहत आणि यांच्या खोलीत रात्री काय चालतं याची त्यांना काडीची कल्पना नव्हती. मी अर्ध्या दाराबाहेर बसून ऐकत होते. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, जास्त निघाला. लघवी तपासायला सांगितली. मग विचारलं, “झोप कशी आहे?”

“झोप एकदम उत्तम,” मोठे दीर म्हणाले. “पडला का घोरायला लागतो.”

हे पण “हो, झोपेची तक्रार नाय,” म्हणाले. मी मांडीवरची पिशवी उचलली. उठून आत जावं आणि दोघांच्या डोक्यात घालावी असं वाटलं. पण चार माणसं बसली होती, आणि मी गासच्या चांगल्या घरची मुलगी होते.

लघवीत साखर निघाली. रक्तदाबाच्या गोळ्या, गोड बंद, वजन कमी करा. आता हे पथ्य आमच्या घरात कसं पाळलं गेलं ते ऐका, कारण असं दुसऱ्या कुठल्या घरात झालं असेल असं मला वाटत नाही.

सासूबाईंनी डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानला. त्या दिवसापासून यांचा चहा बिनसाखरेचा. नाताळातल्या गोडाला हात लावू देईनात. शेजारच्या बारशाची पेढ्यांची पुडी त्यांनी यांच्या हातातून काढून घेतली. आणि त्याच सासूबाई सकाळ-संध्याकाळ यांना चार चार सुकेळी खायला घालत. आमच्या राजेळी केळ्यांची सुकेळी म्हणजे वसईचं वैभव. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, ती मधासारखी दाट होतात, मग केळीच्या वाळक्या सोपटात बांधून ठेवायची. बाळंतिणीला, आजाऱ्याला, अशक्त माणसाला सुकेळी द्यायची ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. आणि दिवसा झोपतो म्हणजे अंगात ताकद नाही, हे तर सगळ्यांनी ठरवलेलंच होतं.

“आई, यांना गोड बंद सांगितलंय,” मी म्हटलं.

“यात मी साखर कटे घातली?” त्या म्हणाल्या. “नुसतं ऊन लावलंय. तूच बघितलंस ना?”

मी बघितलं होतं. साखर नव्हती घातली. शिवाय बावखलाची बातमी फिरल्यावर आजाऱ्याला भेटायला येणारे नातेवाईकही रिकाम्या हाताने कसे येतील? कुणी अंडी आणली, कुणी बदक, आणि निम्म्या लोकांनी सुकेळी. हे सगळं खाऊन हे तृप्त होऊन झोपायचे. गळा दिवसेंदिवस जाड होत चालला, घोरणं वाढलं आणि मधली शांतताही लांबत गेली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी रक्तदाब बघून कपाळाला आठ्या घातल्या. गोळ्या वाढवल्या. साखर हटत नाही म्हणाले. “झोप?” “एकदम उत्तम,” मोठे दीर म्हणाले. मी बाकावर.

मला भीती वाटत होती हे मी कुणाला सांगू? हा माणूस एके रात्री थांबेल आणि पुन्हा सुरू होणार नाही, ही ती भीती. त्या वेळी शेजारी जागी असणारी मी एकटी, आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण इथे ज्याचं जळत होतं तो तर झोपलेला.

देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सणाला घर पाहुण्यांनी भरलं. दुपारचं जेवण झालं, हे ओटीवर आरामखुर्चीत पडले आणि सुरू झाले. सगळे हसायला लागले. नणंदेचा नवरा म्हणाला, पंप चालू झाला, आळी बघा. पोरांनी तोंडाने नकला केल्या. अंगणात सासूबाई चटईवर बसून सुकेळी उलटत होत्या. सण असला तरी ऊन थांबत नाही आणि केळी उलटावीच लागतात. त्याही हसत होत्या.

मग ते बंद पडलं.

हसणारे थोडा वेळ हसतच राहिले. मग एकेक जण गप्प होत गेला. मी उठले नाही. म्हटलं, बघा. आज सगळे बघा. यांचं पोट आत-बाहेर होत होतं, ओठांवर निळसर झाक आली होती आणि वारा म्हणून नव्हता. मोठे दीर अर्धवट उभे राहिले. सासूबाईंच्या हातात एक केळं होतं, ते तसंच हातात राहिलं. एवढ्यात यांनी हिसडा खाल्ला, गुदमरत श्वास ओढला आणि पुन्हा घोरायला लागले.

“असं नेहमी होतं?” मोठ्या दिरांनी मला विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला.

“रात्रभर,” मी म्हटलं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

सासूबाई उठल्या. चटई तशीच टाकून आत गेल्या. मी थोड्या वेळाने गेले तर चुलीपाशी नुसत्याच बसलेल्या. सणाची लाल लुगडी नेसलेल्या बायका घरभर, आणि त्या तिथे काळोखात.

“त्याच्या बापाचं असंच होतं,” त्या म्हणाल्या. “घोरता घोरता थांबायचे. मी त्यांच्या थांबायचीच वाट बघायचे. थांबले का मना बरं वाटायचं. तेवढ्यात माझा डोळा लागायचा.”

मी त्यांच्याजवळ बसले.

“त्या रातीसुद्धा थांबले,” त्या म्हणाल्या. “मना झोप लागली.”

इतकी वर्षं ज्या बाईवर मी मनातल्या मनात चिडत होते तिचा हात मी धरला. बाहेर हे घोरत होते आणि आम्ही दोघी कान लावून ऐकत होतो.

पुढच्या खेपेला माणिकपूरला चौघं गेलो. मोठे दीर सवयीने यांच्या मागोमाग आत निघाले तर सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं आणि त्यांच्या मांडीवर पिशवी दिली. “ती जाईल. तिला ठाऊक हाय. आणि मी जाईन,” म्हणाल्या. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं आणि हे “झोप एकदम—” म्हणेपर्यंत सासूबाई म्हणाल्या, “तू गप बस.” मग मी सांगितलं. मी मास्तरीण असल्यामुळे जरा जास्तच सविस्तर सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे मला आधी का नाही सांगितलं? मी अर्ध्या दाराबाहेरच्या बाकाकडे बघितलं.

त्यांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, जीव घाबरून अर्धवट जागा होतो आणि श्वास ओढतो. रात्रभर हेच. म्हणजे माणूस झोपतो असं फक्त बघणाऱ्याला वाटतं. हृदयावर ताण, त्याने रक्तदाब चढलेला, आणि साखरही त्यामुळे आवरत नाही. परदेशात काही यंत्र निघालंय, पण आपल्याकडे नाही. वजन उतरवा, संध्याकाळची माडी बंद, उताणं झोपू नका. उताणं वळू नये म्हणून बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवा, असंही सांगितलं. हे ऐकून यांना इतकं हसू आलं की डॉक्टर रागावले.

खिसा सासूबाईंनी शिवला. चेंडूची यांनी आठवडाभर कुरकुर केली, पाठ दुखते म्हणाले, मुलं हसतात म्हणाले, एकदा तो काढून फणसाखाली लपवला. मी तो शोधून परत घातला. सुकेळी बंद झाली. म्हणजे करणं बंद नाही झालं, पण डबा सासूबाईंच्या खाटेखाली गेला. वजन उतरायला वर्ष गेलं आणि त्या वर्षात मी जेवढी ओरडले तेवढी शाळेतही कधी ओरडले नाही. रक्तदाब खाली आला. शांतता कमी झाली, पण पुरती गेली नाही, आणि माझी झोप कधीच आधीसारखी झाली नाही.

पुढे काही वर्षांनी पलीकडच्या आळीतला एक माणूस गेला. अजून केस काळे असलेला, धडधाकट. आम्ही भेटायला गेलो. ओटीवर बसलेले सगळे तेच म्हणत होते: झोपेत गेला, काही त्रास नाही, पुण्यवान. सासूबाई ऐकत बसल्या होत्या. मग उठल्या, आतल्या खोलीत त्याच्या बायकोजवळ गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “घोरायचा का गं?”

तिने मान वर केली. सकाळपासून ती रडली नव्हती म्हणे. तेव्हा रडायला लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

मी बाहेर आले तर आमचे हे बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते. मी त्यांना कोपर मारलं.